भिंगावरची बुरशी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कणकवलीतल्या एका कॉलेजच्या दाराशी, काचेच्या कपाटात मी उभा असतो. अंगावर नवा काळा रंग आहे. मला पाहून तुम्हाला वाटेल, याचं म्हातारपण किती सुखात चाललं आहे!

अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली. इथे आलो तेव्हा वनस्पतिशास्त्राचे सोकोरो सर माझे धनी झाले. खाडीचं, शेताचं, विहिरीचं पाणी ते माझ्याखाली ठेवत आणि मुलांना एकेक शेवाळ ओळखायला लावत. काम झालं की मऊ मलमलीने भिंगं पुसून मला पेटीत ठेवत. पेटीत एक बारीक दिवा सतत जळत असे, कारण कोकणातला दमटपणा भिंगांचा वैरी. ती माझी चांगली वर्षं.

सर निवृत्त झाले आणि दीपेश सर आले. पेटीत त्यांनी परीक्षेचे कागद भरले. मी खिडकीजवळच्या फळीवर आलो. तीन पावसाळ्यांत माझ्या मोठ्या भिंगावर बुरशीची जाळी पसरली.

प्रयोगशाळेत किशोरी नावाची मदतनीस होती. दर जूनमध्ये ती सांगे, "सर, भिंगाला बुरशी आलीय. दुरुस्तीला पाठवायला हवं."

"तुला कोणी विचारलं?" सर म्हणत.

गेल्या मार्चमध्ये मालवणजवळच्या खाडीकाठच्या सत्यवती बाटली घेऊन आल्या. त्यांची बत्तीस बदकं होती, अंड्यांवर घर चाले. शेजारच्या कोळंबीच्या तळ्यांचं सांडपाणी खाडीच्या मचूळ पाण्यात येऊन मिळे, आणि त्यावर हिरवट साय धरू लागली होती. वास येतो म्हणून त्यांनी बदकं कोंडून ठेवली होती.

"सायबानू, ह्यां काय तां बघा. बदकांका चलात मां?"

दीपेश सरांना बाहेर जायचं होतं. त्यांनी एक थेंब माझ्याखाली ठेवला, डोळा लावला. वळणावळणाचे हिरवे धागे त्यांना दिसले. बुरशीमुळे त्याहून जास्त काही दिसत नव्हतं.

"स्पिरुलिना!" ते म्हणाले. "हिच्या गोळ्या करून माणसं खातात. कोंड्यात कालवून घाला, बदकं धष्टपुष्ट होतील."

सर बाजूला होताच किशोरीने डोळा लावून पाहिलं. "सर, धाग्यात मधेमधे फिकट मणी आहेत का? नीट दिसत नाही, पण असल्यासारखं वाटतं."

"फरशी पूस," सर म्हणाले. "शिकवायला मी आहे."

ते मणी मला ठाऊक होते, मित्रांनो. स्पिरुलिनाच्या धाग्यात ते नसतात. मणी असलेला, मचूळ आणि सांडपाण्याने माजलेल्या पाण्यात वाढणारा धागा वेगळा. त्याचं नाव नोड्युलारिया. तो यकृत जाळतो. पण मला तोंड नाही, आणि होतं ते भिंग आंधळं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सत्यवती पिशवी घेऊन आल्या. पिशवीतून दोन मेलेली बदकं त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांच्या माना लोंबत होत्या.

"तुमी सांगलास तसांच घातलंय. बत्तीसच्या बत्तीस गेली."

सर वर्गावर होते. किशोरीने सोकोरो सरांना फोन केला. ते कसालहून एसटीने आले, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"किती वरसां पुसूक नाय गो हेका?"

त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने माझं भिंग पुष्कळ वेळ पुसलं. थोडी जाळी गेली. मग बाटलीतला उरलेला थेंब माझ्याखाली ठेवून ते वाकले. चकत्या रचल्यासारख्या पेशी, आणि ठरावीक अंतरावर फिकट मणी. त्यांनी डोळा उचलला.

"नोड्युलारिया," ते हळूच म्हणाले. "वीख आसा ह्यां."

दीपेश सर दारात येऊन उभे होते. क्षणभर त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग किशोरीकडे बोट दाखवत ते सत्यवतींकडे वळले.

"मी पाहिलेलं पाणी हे नव्हेच. बाटल्या हिच्या ताब्यात असतात. त्या दिवशी हिने मला दुसरीच दिली."

"सर!" किशोरी एवढंच म्हणाली.

"दीपेश, खोटं बोलू नका," सोकोरो सर म्हणाले.

"तुम्ही निवृत्त आहात. इथे तुमचं काम नाही."

सत्यवतींनी दोघांकडे पाहिलं. एक साहेब होता, आणि एक फरशी पुसणारी बाई. त्यांनी बदकं पिशवीत भरली आणि किशोरीसमोर उभ्या राहिल्या.

"तुज्या हातान माजां घर बुडालां गो. तुजां कधी बरां होवचां नाय."

किशोरीला आठवड्याभरात कामावरून काढलं. सोकोरो सरांनी दोन अर्ज लिहिले, त्यांना उत्तर आलं नाही. पुढे तपासणीसाठी बाहेरची मंडळी येणार होती, म्हणून मला रंगवून या कपाटात ठेवलं. बुरशीला मात्र कोणी हात लावला नाही. रंग बाहेरून दिसतो, भिंग कोण बघतो?

परवा किशोरी अनुभवाचा दाखला मागायला आली होती. मिळाला नाही. जाताना कपाटासमोर थांबली. माझ्याकडे बघत राहिली. शिपाई ओरडला, "ए बाई, काचेला हात लावू नको!" ती गेली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, हे मी सांगायला हवं. घ्याच. पण माझं मागणं त्याहून लहान आहे. कधी माझ्यासारख्याच्या डोळ्याला डोळा लावाल आणि समोर धूसर असेल, तेव्हा "मला दिसत नाही" एवढं म्हणा. त्या दिवशी ते फक्त किशोरी म्हणाली होती.