गंजलेली टाकी आणि दातांची डॉक्टर

दात काढण्यात डॉक्टरीणबाईंचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या तोंडात डोकावून काढली. अक्कलदाढ कितीही आडवी बसलेली असो, बाईंनी एकदा चिमट्यात धरली की ती मुकाट्यानं बाहेर यायची. पण आज सकाळपासून दोन तास एका बोल्टनं त्यांना मेटाकुटीला आणलं होतं. गाडीखाली, जुन्या चटईवर त्या उताण्या पडल्या होत्या. चष्म्यावर गंजाचा भुगा, केसांत तेल, आणि नाकात पेट्रोलचा तो शिळा, आंबूस वास.

"..." बाहेरून नवऱ्याचा आवाज आला.

"काय?"

"..."

"अहो, मोठ्यानं बोला!"

"मोठ्यानंच बोलतोय," असं ते बहुधा म्हणाले.

बाईंचे यजमान पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे. हाताखालची माणसं तोंडावर 'साहेब' म्हणत, पाठीमागे 'फूटपट्टी'. हातानं ओढलेली रेघसुद्धा अशी, की पट्टी लावून बघावं तर पट्टीच वाकडी वाटावी. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचं निदान झालं. आता उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरत राहायचा. पावलं आखडली होती आणि आवाज दिवसेंदिवस आत आत जात चालला होता. आजारानं आवाज खाली जातो, पण त्या माणसाला स्वतःला तो खाली गेलेला कळत नाही, हे बाईंना पुस्तकातून ठाऊक होतं. गाडीखाली पडून ते ऐकायचं म्हणजे काय, हे पुस्तकात नव्हतं.

गाडी साहेबांची. लग्नाआधीची. हिरवी, गोल डोळ्यांची, मागे बोजड. चाळीस वर्षांत तिचं बॉनेट बाईंनी एकदाही उघडलं नव्हतं. तशी परवानगीच नव्हती. "तुला नाही कळायचं" एवढ्यावर विषय संपायचा. चार वर्षांपूर्वी "टायर गेलेत" म्हणून साहेबांनी ती गॅरेजमध्ये लावली ती लावलीच. आणि गेल्या महिन्यात शेजारच्या खोलीत झोपताना बाईंना पेट्रोलचा वास यायला लागला. खाली बघितलं तर टाकीच्या बुडाशी थेंब आणि फरशीवर बशीएवढा ओला डाग.

जुना मेकॅनिक काम सोडून लेकीकडे राहायला गेला होता. नवा आला, त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिला कॉम्प्युटर कुठे जोडायचा?" साहेबांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. ओढून न्यायची म्हटलं तर तेही नको. "परक्याच्या हातात टाकीचे पट्टे मोडतील." मग एक दिवस बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "ठीक आहे. तुम्ही सांगा, मी काढते."

सांगणं आणि काढणं यांच्यात केवढी दरी असते ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं.

बॅटरीची वायर सोडवली, दारं-खिडक्या उघडल्या, तळाचं बूच काढून डबा लावला. चहाच्या रंगाचं, वार्निशसारखं घाण काहीतरी भसाभस खाली आलं आणि त्यातलं अर्धं बाहीत गेलं. तोंडाकडची रबरी नळी दगडासारखी कडक झाली होती. आणि टाकी ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर तोललेली होती त्यांचे बोल्ट गंजानं असे एकजीव झाले होते, की बोल्ट कुठला आणि गाडी कुठली ते सांगता येऊ नये.

"डावीकडे फिरव," साहेब.

"कुणाच्या डावीकडे? तुमच्या की माझ्या?"

"बोल्टच्या."

"बोल्टला डावं-उजवं असतं?"

साहेब खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते. मला दे, मी दाखवतो, असं त्यांचं चाललं होतं. उठले, वाकले, पान्हा धरला. हात इतका थरथरला की पान्हा बोल्टच्या डोक्यावर टकटक वाजत राहिला, पण बसेना. तीनदा प्रयत्न केला. बाई खाली पडून ती टकटक ऐकत होत्या. मग साहेबांनी पान्हा जमिनीवर ठेवला आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

बाईंनी दात-ओठ खाऊन जोर लावला. कट्! बोल्ट सुटला नव्हता, मान मोडली होती त्याची.

"मोडला?"

"मोडला."

"हळू म्हटलं होतं मी."

"तुम्ही काय म्हटलं होतं ते देवाला ठाऊक!" बाई गाडीखालून ओरडल्या. "इथे ऐकू कुणाला येतंय!"

दुसरा बोल्ट कापायचाच असं ठरवून बाईंनी भाड्यानं आणलेलं विजेचं कटर हातात घेतलं. तेवढ्यात गॅरेज दणाणलं. "ठिणगी! ठेव ते!" गेल्या वर्षभरात साहेबांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. बाईंच्या हातून कटर गळून पडलं. मग तेल सोडत सोडत, साध्या हाताच्या करवतीनं तो बोल्ट कापला. त्याला तासावर वीस मिनिटं लागली.

टाकी खाली आली ती सरळ बाईंच्या छातीवर. ओढत ओढत त्यांनी ती अंगणात नेली आणि साबणाच्या गरम पाण्यानं धुतली. आत डोकावायला दवाखान्यातला लांब दांड्याचा छोटा आरसा आणला. वरचा अर्धा भाग गंजानं खवल्याखवल्यांचा झाला होता, खालचा त्या मानानं ठीक. "अर्धी भरलेली ठेवली की वरच्या हवेत गंज धरतो," साहेब मागून म्हणाले. "कोरडी तरी ठेवावी, नाहीतर काठोकाठ भरावी."

"मग तुम्ही अर्धी का ठेवलीत?"

साहेब काठीनं अंगणातलं पाणी बाजूला सारू लागले.

बाईंनी टाकी उलटी केली, बुडाचा चिखल घासला, आणि ब्रश थांबला. बुडाला दोन गोळे एकत्र मळून भोकं बुजवतात तसल्या राखाडी लांबीचं ठिगळ होतं. हात-दीड हात पसरलेलं. कुठे ढीग, कुठे नुसता फराटा. कडा कुरतडल्यासारख्या. आणि जागोजागी बोटांचे ठसे, एकावर एक, एकाच ठिकाणी पाच-सहा. बोट टेकवायला गेलेलं, हुकलेलं, पुन्हा टेकवलेलं.

चौतीस वर्षं बाईंनी दातांच्या भोकांत सिमेंट भरलं होतं. भरणाऱ्याचा हात कसा होता ते त्या भरलेल्यावरून सांगू शकत. साहेबांची सवय त्यांना ठाऊक होती, प्रत्येक दुरुस्तीपाशी खिळ्यानं महिना नि साल कोरून ठेवायचं. बाईंनी कडेची माती अंगठ्यानं पुसली. आकडे होते. वेडेवाकडे, लहान मुलानं पाटीवर गिरवल्यासारखे. साल चार वर्षांपूर्वीचं.

निदान दोन वर्षांपूर्वीचं.

"हे तुम्ही लावलंत."

साहेबांनी उजवा हात खिशात घातला.

"तेव्हा तुमचा हात असा होता? चार वर्षांपूर्वी?"

"थोडा."

"थोडा! ठसे बघा हे! दोन वर्षं, अहो, दोन वर्षं तुम्ही मला ताकास तूर लागू दिली नाहीत? घरात डॉक्टर असताना?"

"तू दातांची," साहेब म्हणाले.

बाईंनी ब्रश फेकला. तो बादलीला लागून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. "टायर गेलेत म्हणालात! टायर! मी मूर्ख, विश्वास ठेवला. औषध दोन वर्षं आधी सुरू झालं असतं."

"आपल्या मुलीला स्टेशनवर सोडून परत येत होतो," साहेब म्हणाले. बाई पुढे सरकल्या, ऐकू येईना म्हणून. रागातसुद्धा पुढे सरकावं लागत होतं, याचाही त्यांना राग आला. "गिअर टाकायला गेलो, हात भलतीकडेच गेला. फाटकावरच जाणार होतो. शेजारचं पोर होतं तिथे. वाचलं. मग टाकी गळतेय असं दिसलं. म्हटलं, एवढी दुरुस्ती करावी आणि गाडी बंद करावी. धड बंद करावी. तर तेही जमेना. तीन तास लागले त्या ठिगळाला. अर्धं पेट्रोल तसंच राहिलं. ओतून टाकायचं त्राण नव्हतं."

"मला हाक मारायची."

"तुला सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग?"

बाई आत गेल्या, हात धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. नखांतला गंज निघेना. चिडचिड साहेबांवर होती तेवढीच स्वतःवर. जगाच्या तोंडात आरसे घालून बघत बसल्या, आणि जेवताना समोर बसलेल्या माणसाचा हात दिसला नाही. बटणं लावायला वेळ लागतो, पेपराची घडी पडत नाही, सही बारीक होत चाललीय. हे सगळं समोर घडत होतं आणि त्या "वय झालं" म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांचं ताट वाढून ठेवलं आणि आपलं ताट स्वयंपाकघरात नेलं. टाकी अंगणात व्हिनेगर पिऊन पडली होती. गंज सुटावा म्हणून आत मूठभर सुटे नट टाकले होते. दर दोन तासांनी बाई येत, ती खडखड खडखड हलवत आणि जात. संध्याकाळी साहेब काठी टेकत आले आणि टाकीचं दुसरं टोक धरलं. त्यांच्या हातातली थरथर टाकीत उतरली आणि नट आपसूक वाजत राहिले. बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. आपण अजून रागावलेल्या आहोत, हे त्यांना विसरायचं नव्हतं.

टाकी वाळल्यावर शेजाऱ्यांच्या गाडीतून दोघं ती रेडिएटरवाल्याकडे घेऊन गेले. धातू वितळवून पत्र्याला डाग देण्याचं काम गावात आता तोच एकटा करत होता. त्यानं टाकीच्या तोंडाला नाक लावलं आणि मान हलवली. "वास येतोय. अजून दोनदा धुवा. वास येतो तोवर मी विस्तव जवळ आणत नाही. भुवया एकदाच उगवतात."

बाईंनी तिथेच, त्याच्या नळाखाली, अजून दोनदा धुतली. तोपर्यंत त्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. मग त्यानं ठिगळ खरवडायला घेतलं. खाली सुईच्या टोकाएवढी पाच भोकं निघाली.

"ही लांबी कुणी लावली?" त्यानं विचारलं.

"घाईत लावली गेली," बाई पटकन म्हणाल्या.

"मी लावली," साहेब म्हणाले. रेडिएटरवाल्यानं कानामागे हात धरला. साहेबांनी श्वास घेतला आणि मोठ्यानं सांगितलं, "मी लावली! हात कापतो माझा. चार वर्षं झाली."

बाहेरच्या माणसाला हे ते पहिल्यांदाच सांगत होते. बाईंनी जमिनीकडे बघितलं.

रेडिएटरवाला लांबीचा तुकडा बोटांत फिरवत होता. "लांबी चांगली होती," तो म्हणाला. "पत्रा नीट घासला नाहीत. तेलकटावर लावली की सुटणारच, हात कुणाचाही असो."

"हां," साहेब म्हणाले. "घासायला हवा होता." आणि पत्रा किती जाडीचा, डाग कथलाचा की पितळेचा, यावर ते दोघे अर्धा तास बोलत राहिले. बाई बाहेर पायरीवर बसून होत्या. कुणी त्यांना काही विचारलं नाही.

टाकी परत बसवायला दोन दिवस गेले. पट्ट्याचं भोक आणि चौकटीचं भोक एका रेषेत येईनात. एक आलं की दुसरं सरकायचं. बाईंनी टाकीला, पट्ट्याला, गाडी बनवणाऱ्याला आणि शेवटी लग्न जमवणाऱ्या मामांना शिव्या दिल्या. साहेब आता चटईवर, गाडीशेजारी आडवे झाले होते, तोंड बाईंच्या कानापाशी. उठवायला नंतर त्रास पडला, पण निदान ऐकू येत होतं. "थोडं वर. अजून. आता थांब." बोल्ट बसला.

टायरांत हवा भरली, नवी बॅटरी जोडली. पाचव्या की सहाव्या प्रयत्नाला इंजिन खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं. बाई चाकामागे, साहेब शेजारी. स्टिअरिंग जात्यासारखं जड. गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळले.

"दुसरा टाक."

"टाकते."

"आता. आता टाक. आवाज ऐक ना."

बाईंनी भर रस्त्यात ब्रेक लावला. "उतरू मी? चालवता?"

साहेब म्हणाले, "तिसऱ्यात गेलीस तरी चालेल."

घरापाशी आल्यावर गाडी काही केल्या मागे वळून गॅरेजात जाईना. चारदा पुढे-मागे करून बाईंनी ती फाटकासमोर तिरकी सोडून दिली आणि किल्ली काढली. साहेबांनी पेट्रोलच्या काट्यावर बोट टेकवायचा प्रयत्न केला. "दहा लिटर टाकलं ना आपण? काटा रिकामी दाखवतोय. आतला तरंगता गोळा अडकलाय."

"म्हणजे?"

"टाकी पुन्हा खाली घ्यावी लागेल."

बाईंनी दार उघडलं, उतरल्या, ते धाडकन लावलं आणि तरातरा घरात गेल्या. पाण्याचा पेला भरला, अर्धा प्यायल्या. खिडकीतून गाडी दिसत होती. साहेब तसेच बसून होते. त्या दाराची मूठ आतून त्यांच्यानं फिरत नव्हती.

त्या परत बाहेर आल्या. दार उघडलं, एक हात त्यांच्या काखेत घातला, दुसऱ्यानं कोपर धरलं.

"उद्या?" साहेबांनी विचारलं.

"परवा," बाई म्हणाल्या. "उद्या माझे खांदे जागेवर आहेत का ते बघायचंय. पाय टेका आधी. डावा. तुमचा डावा."