चहा आल्यावरची चौदा मिनिटं

जुना झालो तरी मी अजून रेकॉर्डरच आहे, मित्रांनो. तळहाताएवढा, काळा, कडांचा रंग उडालेला. हल्ली मी नाशिकच्या एका कॉलेजात, यादव सरांच्या टेबलाच्या खणात असतो. शेजारी स्टेपलरच्या पिनांची डबी आहे.

माझी गोष्ट सलग नाही. बटण दाबलं की मला ऐकू येतं, बंद केलं की काहीच नाही. म्हणून माझं आयुष्य तुकड्यातुकड्यांचं आहे. मधलं मला माहीत नाही आणि जे माहीत नाही ते मी रचून सांगणार नाही.

फाइल १

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. तेव्हा माझ्यात बॅटरी नव्हती. पहिला आवाज ऐकला तो यादव सरांचा, मेन रोडवरच्या दुकानात. "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन." मग दुकानदार म्हणाला, "सर, मोबाइलवर होतं की हे सगळं." सर म्हणाले, "मोबाइल मध्येच वाजतो. हा नुसता ऐकतो."

ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी शाबासकी.

फाइल २३

सरांचा वर्ग. इथले विद्यार्थी तुमच्याएवढे नाहीत, काहींना तुमच्याएवढी मुलं आहेत. धंदा, कारखाना, दुकान कसं चालतं यावर त्यांना पीएच.डी. करायची असते. सर त्यांना केस स्टडी शिकवतात. म्हणजे हजार लोकांना फॉर्म वाटायचे नाहीत. एकच जागा निवडायची, तिथं वर्षभर जात राहायचं, बघायचं, माणसांशी बोलायचं.

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, सर?" कुणीतरी विचारलं.

"नाही. शितावरून भात शिजला का ते कळतं. आपल्याला चूल कशी पेटली ते समजून घ्यायचंय."

वर्ग हसला. सर पुढे म्हणाले, "आणि बारकावे लिहा. वाचणाऱ्यासमोर माणूस उभा राहिला पाहिजे."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मला ते पुसून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

फाइल ५८

एकलहऱ्याच्या वीज केंद्राजवळचं कॅन्टीन. भांड्यांचा आवाज, मग ठक्. मी टेबलावरून पडलो. तेव्हापासून माझा लाल दिवा लागत नाही आणि बंद करायचं बटण अडकतं. सर म्हणाले, "दुरुस्त करून घेऊ." हे ते फाइल ५९, ७१ आणि ८८ मध्येही म्हणाले आहेत.

फाइल ११२

येवला. पैठणीच्या दुकानामागची खोली. सरांची विद्यार्थिनी ज्योत्स्ना मला घेऊन आली होती. समोर मागावर फुलाबाई. तीस वर्षं या दुकानाच्या शेठकडेच विणणारी.

"मावशी, तोंडात काय आहे तुमच्या?"

"चिंचोका. धागे मोजताना धरते. तोंडात काय असलं का कोणी बोलत नाय माझ्याशी. बोललं का मोजणी चुकती."

"मग आता माझ्याशी बोलताय ते?"

"आता काढलाय की. हा बघ हातात."

दोघी हसल्या. तासभर छान बोलणं झालं. मग कपबशा वाजल्या. चहा आला की आपल्याकडे काम थांबतं आणि खरं बोलणं सुरू होतं.

"ते बंद कर गं पोरी आधी," फुलाबाई म्हणाली.

"केलं, मावशी."

ज्योत्स्नानं बटण दाबलं, हे खरं आहे. बटण अडकलं, हेही खरं आहे. दिवा असता तर तो लालच राहिला असता आणि दोघींना दिसला असता.

मी ऐकत राहिलो. चौदा मिनिटं.



वरची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. फुलाबाई तिच्या शेठच्या दुकानाबद्दल बोलली. शेठच्या कानावर गेलं असतं तर तिचा माग गेला असता, एवढंच सांगतो.

फाइल ११५

सरांची खोली. कोण काय म्हणालं ते विसरू नये म्हणून सर अशा भेटीही माझ्यात घेत.

"सर, ती चौदा मिनिटं चुकून रेकॉर्ड झाली. पण माझी सगळी केस त्यातच आहे."

"तिला विचारलंत का, मॅडम?"

"सोमवारी सेमिनार आहे, सर. येवल्याला जाऊन यायला वेळ नाही. नाव बदललंय मी. 'प्रतिसादक चार' असं लिहिलंय. दुकानाचंही नाव घातलेलं नाही."

यानंतर अकरा सेकंद नुसता पानं उलटल्याचा आवाज आला. मी मोजली आहेत.

"नाव बदललंय ना," सर म्हणाले. "मग ठीक आहे."

फाइल ११६

सेमिनार. ज्योत्स्नानं सुंदर वाचलं. प्रतिसादक चार वाचणाऱ्यासमोर उभी राहिली, सरांनी शिकवलं होतं तशीच. बाई तोंडात चिंचोका धरून धागे मोजते, हेही तिनं लिहिलं होतं. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेतून एक मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, मी राकेश, येवल्याचा. चिंचोका म्हणजे आमच्या फुलामावशीच की. माझ्या काकांच्या दुकानात असतात."

टाळ्या अजून पूर्ण थांबल्या नव्हत्या.

फाइल १२१

फुलाबाईचं घर. आधी दार वाजलं असेल, बोलणं झालं असेल, मला माहीत नाही. माझी फाइल सुरू होते ती अशी:

"केलं का चालू? आता चालू करूनच बोल माझ्याशी."

"मावशी, शेठ काय म्हणाले?"

"गोड बोलले. 'डोळ्यांना त्रास देऊ नका आता' म्हणे. तीस वर्षं डोळे चालले माझे. तुझं भाषण झालं अन् बिघडले."

"मी बोलते त्यांच्याशी."

"अजून बोलतीस?"

ज्योत्स्ना रडत होती. "मी पुसते, मावशी. तुमच्यासमोर पुसते."

"पूस. 'बंद कर' म्हणाले तिथवरचं ठेव. तुझ्या शाळेतल्या लोकांना ऐकू दे. पुढचं पूस." मग थोड्या वेळानं, "मशीनमधून पुसशील गं. गावाच्या कानातून कशानं पुसशील?"

कपबशा वाजल्या. कुणाचातरी हात माझ्याकडे आला असावा.

"राहू दे चालू. आता लपवायला काय उरलंय. चहा घे."

फाइल १३०

सरांचा वर्ग, या वर्षीचा पहिला दिवस. सरांनी माझी फाइल ११२ कॉम्प्युटरवरून वर्गाला ऐकवली. 'ते बंद कर गं पोरी आधी' इथपर्यंत.

"पुढे काय म्हणाल्या त्या, सर?" तेजस्विनी नावाच्या मुलीनं विचारलं.

"पुढचं नाही."

"डिलीट झालं?"

"असतं तरी ऐकवलं नसतं. ज्योत्स्ना मॅडमनी ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं."

"मग केस अपुरी राहिली की."

"राहू दे," सर म्हणाले. "त्या दिवशी मी एवढंच म्हणायला हवं होतं."

फुलाबाईला माग परत मिळाला का, ते माझ्या कुठल्याच फाइलमध्ये नाही.

मित्रांनो, माझी बॅटरी आता फुगली आहे. ती नाही बदलली तरी चालेल. पण कुणी तुमच्याजवळ मन मोकळं करायला बसलं आणि 'हे राहू दे आपल्यातच' म्हणालं, तर आपल्यातलं बटण खरंच दाबलं गेलं का, ते एकदा बघत जा. आणि कुणाचा दिवा गेला असेल तर 'दुरुस्त करू' म्हणत बसू नका.

आणखी एक. तिचं नाव फुलाबाई नाही. ती तोंडात चिंचोका धरत नसे. काय धरायची ते मला माहीत आहे, पण या वेळी मी तेही बदललं आहे.