डॉक्टरनं मोडलेला शब्द

मी कॉफीचा कप बोलतोय. करक गावातल्या मनोविकारांच्या दवाखान्यातला, बिनकानाचा, घोटभर कॉफी मावेल एवढा. मला कान नाही, पण ऐकू सगळं येतं.

डॉक्टर रकानच्या आईनं मला अम्मानच्या बाजारातून घासाघीस करून आणलं. "वेड्यांचा डॉक्टर म्हणून लोक बिचकतील, आधी कॉफी देत जा," असं तिनं लेकाला बजावलं. म्हातारीचं खरं होतं. "छाती जड झालीय," म्हणत आलेला माणूस दोन कपांनंतर घरातलं सांगायला लागतो. दुःख आधी छातीत नाहीतर पोटात दुखतं, हे मला इथेच कळलं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचं मोठं मागणं असेल तो कॉफी न पिता समोर ठेवतो. यजमान "पी, तुझं काम झालं," म्हणाला की शब्द दिला गेला. मग माघार नाही.

एका दुपारी अबू मिथकाल आला. मेंढपाळ, थोराड हाडाचा, हिवाळ्यात बायको गेलेली. त्यानं मला तोंडही न लावता खाली ठेवलं.

"पोरा, मी सांगेन ते या खोलीबाहेर जाता कामा नये."

डॉक्टर तरुण, वाढलेला याच गावात. सवयीनं बोलून गेला, "प्या काका, तुमचं काम झालं."

म्हातारा एका घोटात प्यायला. "मेंढ्या भावाला देऊन टाकल्या. बंदूक पुसून ठेवलीय."

डॉक्टरचा चेहरा उतरला. पण त्यानं सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे, काका?"

"हो."

एवढं बोलला आणि म्हाताऱ्याचे खांदे सैल पडले. असं विचारलं की नसतं खूळ डोक्यात शिरतं, म्हणतात लोक. मी तर ते बाहेर पडतानाच पाहिलंय.

"मी शब्द मोडतोय," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या तोंडावर मोडतोय. तुमच्या भावाला, नवाफला फोन करतो. बंदूक तो घेऊन जाईल, आणि आज तुम्ही त्याच्याकडेच राहायचं."

"लाज नाही वाटत? कॉफीवर दिलेला शब्द!"

"वाटते. गावभर सांगा हवं तर."

म्हाताऱ्यानं सांगितलंसुद्धा! कित्येकांनी दवाखान्याची पायरी चढणं सोडलं. डॉक्टरची आईही लेकाशी अबोला धरून बसली. नवाफ मात्र भावासाठी औषधं नेत राहिला.

आता माझी कड उडालीय. डॉक्टर आता कॉफी ओतण्याआधीच सांगतो, "सगळं पोटात ठेवीन, जिवावरचं तेवढं नाही." तुमच्याकडेही कुणी असं गुपित सोपवलं, तर बाबांनो, शब्दाला जागू नका, माणसाला जागा.

काल अबू मिथकाल स्वतःच्या पायानं आला. "मी तुला माफ केलेलं नाही," दारातूनच म्हणाला.

"नका करू. पण दर गुरुवारी येऊन शिव्या देऊन जा."

म्हातारा ऐसपैस बसला आणि त्यानं मनापासून शिव्यांना सुरुवात केली. डॉक्टर खाली मान घालून ऐकत होता आणि डोळे पुसत होता.