मनोऱ्याचा नियम

लंबू स्टुलावर चढला तसा ढेऱ्याने पळत जाऊन पंखा बंद केला. मनोरा रचताना पंखा बंद, हा नियमच. सगळे घामाने निथळत होते, पण पंख्याला कुणी हात लावत नव्हतं. टेबलावर रिकामे बिअरचे कॅन एकावर एक, सरळ वर चढलेले. ज्याने संपवला त्यानेच रचायचा. ज्याचा कॅन नाही, तो फोटोत नाही.

कॉलेजपासूनच्या सगळ्या फोटोंत लंबू होता.

"अरे, कॅन ठेवतोयस की बाळ झोपवतोयस?" ढेऱ्या खिदळला.

लंबू दोन्ही हातांनी कॅन धरून होता. दुपारभर त्याने तो असाच धरला होता, झाकणावर अंगठा दाबून. सगळे मॅचमध्ये गुंग, कोण बघतंय! गेल्या महिन्यात बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. त्या रात्री जेवायला वाढता वाढता आईने नुसता त्याच्या तोंडाचा वास घेतला होता, आणि वाटी ठेवून आत निघून गेली होती.

त्याने कॅन टोकावर टेकवला, हात काढला. मनोरा कलला, आणि धाडकन सगळा खाली!

रिकामे कॅन खणखणत पांगले. एक मात्र धप्पकन आपटला आणि जडपणे घरंगळत मिस्त्रीच्या पायाशी थांबला. मिस्त्री म्हणजे त्यांच्यातला मनोऱ्याचा उस्ताद. त्याने तो उचलला, हातात तोलला, फिरवून झाकण पाहिलं.

"काय रे?" ढेऱ्याने विचारलं.

लंबू स्टुलावरून उतरला आणि चपला शोधायला लागला.

"मी काढतो तुमचा फोटो," तो पुटपुटला.

मिस्त्रीने टेबल पुसलं. तो कॅन मधोमध ठेवला, हाताने दाबून पाहिला.

"चपला कसल्या घालतोस, लंब्या? कॅन गोळा कर. आणि हा कुणी फोडायचा नाही. ढेऱ्या, तुला सांगतोय!"

"मी कशाला फोडतोय?" ढेऱ्या म्हणाला. त्याने एकदा लंबूकडे पाहिलं, मग सोफ्याखाली हात घालून कॅन काढायला लागला.

मनोरा पुन्हा चढला. शेवटचा कॅन ठेवून झाल्यावर फोटोसाठी सगळे दाटीवाटीने उभे राहिले. लंबू मागे, नेहमीसारखा, मान वाकवून.

"मरणाचं उकडतंय," ढेऱ्या म्हणाला, आणि त्याने पंखा लावला.

मनोरा वरून जरासा डुलला, तळाशी हलला नाही.