गगनचा दुसरा ताप

रुक्मिणीबाईंना कुणी काहीही म्हणावं, खोटारडी म्हणू नये. आणि नेमकं तेच झालं होतं.

मंगळूरला कामाला गेलेला त्यांचा गगन मलेरिया घेऊन म्हैसूरला परतला, बरा झाला, आणि काही महिन्यांनी पुन्हा कुडकुडू लागला. दवाखान्यात सगळ्यांचं एकच: पोरानं गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, यकृतात लपलेला जंतू उठला.

“मी सुळ्ळु सांगतेय काय?” पुण्याहून आलेल्या संशोधक मृदुलापुढं बाई कडाडल्या. “एकेक गोळी देवापुढं ठेवून तीर्थासारखी दिलेय! गिळल्यावर आ करायला लावून बघितलेय, नोडम्मा, बघा की!”

मृदुला हसली नाही. “मावशी, पहिल्या तापातलं रक्त आम्ही कागदावर वाळवून ठेवलंय. आताचा थेंब द्या. दोन्ही जंतूंची जनुकं ताडून बघू. बाकीच्या रुग्णांशीही.”

बाई थक्क झाल्या. डाळीएवढा रक्ताचा डाग, आणि त्यात ही पोरगी जंतूचं कूळ वाचणार! सोयरिकी जुळवणाऱ्या दामोदररावांना माणसांचीसुद्धा इतकी कुळं ठाऊक नव्हती.

निकाल सांगायला मृदुला स्वतः घरी आली. “मावशी, तुमचं खरं. हा जंतू पहिल्यापेक्षा वेगळा आहे, जुना उठलेला नाही.”

“ऐकलं का गं सुमा!” बाळंतपणाला माहेरी आलेली लेक उंबऱ्यात पावटे सोलत होती, तिला बाईंनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. गल्लीलाही ऐकू जावं, एवढ्या मोठ्यानं.

“आणि मागच्या गल्लीतल्या सुधींद्रच्या जंतूशी हुबेहूब जुळतो. सुधींद्र कुठं बाहेरगावी गेले होते का?”

“तो? त्याला इथल्या इथं नंजनगूडला जायचासुद्धा कंटाळा!”

“गगनही परतल्यापासून इथंच आहे,” मृदुला हळूच म्हणाली. “म्हणजे हा ताप इथल्याच डासांनी पसरवलाय.”

बाईंचं लक्ष सुमाच्या उघड्या पायांकडं गेलं, मग तिच्या पोटाकडं. जिंकल्याचा सगळा आनंद ओसरला.

“अय्यो, डाक्टरम्मा,” त्या पुटपुटल्या, “मीच खोटी ठरले असते तर बरं झालं असतं की.”

मग पदर खोचून त्यांनी लेकीचा हात धरला. “ऊठ गं सुमा. बोट पुढं कर, तपासायला थेंब दे. तुझं झालं की मी सगळी गल्ली बोलावून आणते.”