बाजूची सीट

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ राहू द्या मांडीवर. आज एका वीतभर जीपची गोष्ट सांगायची आहे, आणि पूर्वरंग काही लांबवायचा नाही.

रहिमतपूरच्या सयाजीनं बावीस वर्षं वडापची जीप चालवली. बाजूच्या सीटवर त्याची कारभारीण बनुबाई. "चला सातारा, सातारा!" म्हणत माणसं तीच भरायची. पुढं जीप भंगारात गेली आणि दोन वर्षांनी बनुबाईही देवाघरी गेली. तिचा फोटो भिंतीवर होता. जीपचा एकही नव्हता. रोजच्या गाडीचा फोटो कोण काढतंय?

लेकीनं पुण्याहून तसल्याच रंगाची मॉडेल जीप धाडली, तेव्हा सयाजीनं मनाशी ठरवलं. हिचा असा फोटो काढायचा की आपलीच गाडी वाटावी, आणि तो बनुबाईशेजारी लावायचा. पारख करणार इस्लामपूरचा अश्फाक मिस्त्री. त्या जीपचा नट न् नट त्यानंच उघडलेला.

कॅमेरा म्हणजे काचेला तडा गेलेला मोबाईल. पहिला फोटो गेला आणि अश्फाकचा फोन आला, "खेळणं हाय रं हे! वरनं बघितल्यावर माणूसबी मुंगीच दिसतंय."

खंडेनवमीच्या सकाळी सयाजीनं जीप पुसली, बोटानं कुंकू लावलं. अंगणात मुरूम चाळून रस्ता केला. उन्हाच्या समोर पांढरा पंचा धरला, म्हणजे सावलीतही उजेड पडतो. मोबाईल उलटा करून विटेला टेकवला, भिंग पार जमिनीला लागलं. मग स्वतः गुडघ्यावर आला. देवाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा तर वाकावंच लागतं, नाही का?

"रस्ता लय झ्याक," दुसरा फोटो बघून अश्फाक फोनवर म्हणाला. "पर गड्या, बॉनेटवर चाकाएवढं कुंकू? भीमानं लावलं का काय?"

सयाजी हसला आणि मधेच थांबला. गाडीला कुंकू लावायचा मान बनुबाईचा होता. त्यानं ते पुसलं, आगपेटीतली काडी ओल्या कुंकवात बुडवली आणि तिळाएवढा ठिपका दिला.

तिसरा फोटो बघून अश्फाकनं लगेच फोन लावला.

"व्हय रं. आपलीच गाडी." मग हळूच म्हणाला, "वैनींची जागा तेवढी मोकळी दिसती."

सयाजीनं फोटो पाहिला. खेळण्यात ती नुसती सीट होती. गाडी खरी झाली तशी ती रिकामी झाली. अंगणात कुणी हाक मारणारं नव्हतं, की आत कुणी भांडं वाजवणारं.

कुंकवाची काडी अजून चिमटीत होती. त्यानं ती अर्धी मोडली आणि लाल टोक वर ठेवून बाजूच्या सीटवर उभी केली. पुन्हा गुडघे टेकले.

आता कुणीही म्हणालं असतं, खेळण्यात काडी खोवलीय. म्हणू दे. तो फोटो अश्फाकला गेलाच नाही. साताऱ्यातनं मढवून आणला आणि बनुबाईच्या शेजारी लागला.

मायबाप हो, कधी गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला जागा मिळाली, तर बूड टेकायच्या आधी एकवार बनुबाईची आठवण काढा.