शालीखालची ऊब

लोहाऱ्यात शरणबसप्पांच्या दारात त्या संध्याकाळी चप्पल काढायला जागा नव्हती. आत गर्दी लोटली होती ती एका केबलीच्या दर्शनाला. अंगठ्याएवढी जाड, काळी केबल पाटावर वेटोळं घालून बसली होती, अंगावर शाल. माझी श्रद्धा चहापुरती. तो होता म्हणून मीही गेलो.

शरणबसप्पांची बायको नीलम्मा भक्तीची वचनं गायची. ती गेली, टेपा मागं राहिल्या. त्या वाजवणारा जुना, दांडगा अँप्लिफायर हेच म्हाताऱ्याचं देवघर. नीलम्माच्या हाताखाली गाणं शिकलेला, तिच्या घरी जेवून मोठा झालेला शिवप्रसाद यंत्राला वीज पुरवणारी ही ‘सिद्ध केबल’ महिन्यापूर्वी घेऊन आला. बदल्यात नीलम्माच्या पाटल्या गेल्या. आज दुसऱ्या केबलीसाठी तिची बोरमाळ डबीत तयार होती.

“साधी वायर करंट आणती. ही आत्मा आणती! दुसरी लावली की नीलम्मा अव्वा तुमच्याशी बोलतील, अप्पा,” शिवप्रसाद शरणबसप्पांना म्हणाला.

“मग लाइटबिल कुणाच्या नावानं येतं रे? करंटाच्या का आत्म्याच्या?” मी विचारलं. बायकांनी डोळे वटारले.

शिवप्रसादनं आधी यंत्राची पूजा करवली. अप्पांनी विभूतीची तीन बोटं अँप्लिफायरच्या तोंडावरून आडवी ओढली, आवाजाच्या बटणावरून थेट पलीकडं. साध्या वायरीवर टेप लागली; नीलम्मा लांबून गायल्यासारखी. मग यंत्र बंद झालं, केबल बदलली. यंत्रावर दुसरी शाल टाकून, आत हात घालून शिवप्रसादचं मंत्र पुटपुटणं झालं. पुन्हा चालू करताच नीलम्मा खोलीभर गाऊ लागली. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

टेप सरेपर्यंत वेटोळं कोमट झालं होतं. “हात लावा! ऊब लागती का न्हाय? अव्वा आल्यात!”

अप्पांची लेक गायत्री शाळेत विज्ञान शिकवते. तिनं यंत्रावरची शाल उचलली.

“अप्पा, तुमच्या रेघा बघा.”

यंत्रावरच्या रेघा आडव्या होत्या, बटणावरच्या उभ्या. तिनं टेप पुन्हा लावली आणि शालीआड फिरलेलं बटण मागं नेऊन रेघांना रेघा जुळवल्या. नीलम्मा पुन्हा लांब गेली.

“आणि ऊब?” अप्पांचा हात अजून वेटोळ्यावर होता.

“पुरेशी जाड वायर गार राहते, अप्पा. हिच्या आतली तार बारीक असणार, करंट जास्त, त्यात वेटोळं करून शाल पांघरली, मग तापणारच.”

तिनं प्लग काढला आणि विळीवर केबल चिरली. आत दारावरच्या घंटीला लावतात तसली बारीक वायर.

“आरं, वरची ही तर ठिबक सिंचनाची नळी!” शेजारचा कोंडीराम ओरडला. “माझ्या टरबुजाच्या रानातनं चोरीला गेल्याली!”

शिवप्रसादची मान खाली. “तुमाला बरं वाटत व्हतं ना, अप्पा...”

“पाटल्या आणून देशील,” अप्पा म्हणाले. “पण रोज संध्याकाळी म्या तिचा हात म्हणून ही नळी धरून बसलो, शिवा. ते कसं आणून देशील?”

चहा कुणी घेतला नाही. मीसुद्धा.

वाचकहो, अँप्लिफायरच्या पाठीवर वॅट लिहिलेले असतात. ते दुकानात सांगा, तेवढा भार पेलणारी तीन तारांची वायर घ्या, उलगडून ठेवा. त्याहून जाड घेतली म्हणून गाणं गोड होत नाही. आणि वायर तापलीच, तर हात जोडू नका. बटण बंद करा.

गायत्रीनं दुसऱ्या दिवशी दीड एमएमची साधी वायर लावली. टेप सरल्यावर अप्पांनी वायरीवरून हात फिरवला.

“गार हाय,” म्हणाले. मग टेप पुन्हा लावली आणि आवाजाचं बटण स्वतःच्या हातानं वाढवलं.